ईकोचे हेडलाईट: एलईडी काढले, हॅलोजन परत लावले, आणि रिले

गाडी जुनी मारुती ईको. गडहिंग्लजहून आजरा, आंबोली करत सावंतवाडीला माल पोचवायचा, तोही पहाटे. म्हणजे अर्धा रस्ता अंधारात, आणि पावसाळ्यात वर धुकं. लाईट फारच पिवळट आणि मंद पडले होते, म्हणून पावसाळ्याआधी एलईडी बल्ब टाकले. दिवाळीनंतर ते काढले. आता साधे ६०/५५ वॅटचे एच-४ हॅलोजन आहेत, फक्त रिलेवर (रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). दुखणं बल्बचं नव्हतंच, वायरचं होतं.

पहिल्या रात्री एलईडी बघून कुणीही खूश होईल. गाडीपुढचा दहा-पंधरा मीटरचा पट्टा दुधासारखा पांढरा. गोची तिथेच आहे. जवळचा रस्ता इतका लख्ख झाला की डोळे त्यालाच सरावतात आणि पुढचं वळण काळोखात जातं. ओल्या डांबरावर तर उजेड पडलाय की नाही तेच कळेना. त्यात मी डीपरवर (खालच्या झोतावर) असताना समोरून येणारी प्रत्येक एसटी मला अप्पर (वरचा झोत) मारायची.

कारण सोपं आहे. एच-४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. डीपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडू देत नाही, म्हणून डीपरचा झोत वर जात नाही. रिफ्लेक्टर त्या फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीची चिप एखाद-दुसरा मिलिमीटर जरी सरकली तरी सगळा फोकस विस्कटतो. चिपा बरोबर डाव्या-उजव्या बाजूला येतील असा बल्ब फिरवून बघितला. फरक पडला, पण एसटीवाल्यांचं समाधान झालं नाही. शिवाय लाईट लावला की एफएमवर खरखर. एलईडी बल्बच्या मागच्या पंख्यामुळे हेडलाईटची रबरी टोपी नीट बसेना, आणि आंबोलीत काचेच्या आतून वाफ धरायला लागली.

मग मल्टिमीटर घेऊन बसलो. इंजिन चालू, डीपर चालू: बॅटरीवर १४.१ व्होल्ट. एलईडी काढून हॅलोजन लावला आणि बल्ब जोडलेला असतानाच कपलरच्या (वायर जोडायच्या सॉकेटच्या) मागून पिना टोचून मोजलं: १२ च्या आसपास. हे मोजमाप बल्ब काढून करू नका. करंटच वाहत नसला की मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि आपण ‘वायर ठीक आहे’ म्हणून मोकळे होतो. एच-४ चा डीपर १३.२ व्होल्टला साधारण १००० ल्युमेन (उजेडाचं माप) देतो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या तीन-साडेतीन घाताने घटतो, त्यामुळे १२ व्होल्टला हातात सातशेच्या थोडे वर उरतात. दोष गाडीच्या डिझाइनचा म्हणणार नाही. इतक्या वर्षांत कपलर गंजतात आणि स्विचचे पॉइंट जळतात. अर्थिंगच्या एकट्या वायरवर अर्धा व्होल्ट जात होता.

उपाय म्हणजे रिलेची वायरिंग. बॅटरीवरून जाड वायर थेट रिलेला, रिलेवरून बल्बला, आणि जुन्या वायरिंगचं काम फक्त रिले ओढण्यापुरतं. हेडलाईटच्या मागचे करपून तपकिरी झालेले होल्डर टाकून सिरॅमिकचे लावले, अर्थिंग नवीन, बॉडीचा रंग खरवडून. आता बल्बवर १३.६ मिळतात. खर्च एलईडीच्या जोडीपेक्षा कमी आला. एक गोष्ट वायरमनला आधीच विचारा: तुमच्या गाडीत स्विच प्लस तोडतो की मायनस? काही गाड्यांत मायनस तोडतो. तिथे साधी जोडणी केली तर लाईट विचित्र वागतात, अप्परचा निळा दिवा मंद पेटून राहतो. टेस्ट लॅम्प लावून दोन मिनिटांत कळतं.

फ्यूजवरून माझा आणि वायरमनचा वाद झाला. त्याला सगळ्याला एकच फ्यूज घालायचा होता. डाव्या-उजव्या लाईटला वेगवेगळे घ्या. घाटात एक फ्यूज उडाला तर दुसरा लाईट तरी राहतो.

फोकस गाडीत माल भरून सेट केला. मागे वजन पडलं की नाक वर जातं, रिकाम्या गाडीवर केलेलं सेटिंग काही कामाचं नाही. भिंतीपासून ८ मीटरवर गाडी लावायची आणि डीपरची रेषा बल्बच्या उंचीपेक्षा साधारण ८ सेंटीमीटर खाली आणायची. केंद्रीय मोटार वाहन नियमांतही ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला उजेड खुपू नये असंच आहे.

दुकानदार १००/९० चे बल्ब पुढे करतो. घेऊ नका; नियमात बसत नाहीत आणि उष्णतेने रिफ्लेक्टरचा मुलामा जातो.

तक्रार म्हणाल तर व्होल्टेज वाढल्यामुळे हॅलोजनचं आयुष्य घटतं. एक बल्ब उडालाच, म्हणून एक जोडी डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. आणि दाट धुक्यात हेही फार काही दाखवत नाहीत. तिथे डीपर, रस्त्यावरचा पांढरा पट्टा आणि दुसऱ्या गिअरवरच भागवतो.