सुई की काडी? नैरोबीतल्या मैत्रिणीला

तू विचारलंस दिवस राहू नयेत म्हणून इंजेक्शन घेऊ की इम्प्लांट म्हणजे दंडात कातडीखाली ठेवायची काडी बसवू, नवरा मोम्बासाला आणि दीड-दोन महिन्यांनी चार दिवस घरी. तुमच्याकडे बायका सिंदानो म्हणजे सुई आणि विजिती म्हणजे काड्या म्हणतात ना, तीच दोन केनियात सगळ्यात जास्त चालतात.

आधी एक सांगते. "नवरा नसतोच घरी, मग काय घ्यायचं" हे कारण आफ्रिकेतल्या बायका पाहण्यांमध्ये खूपदा देतात आणि मला ते पटतं पण, रोज गोळी कोण खाणार. पण तो येतो ते चार दिवस नेमके दोन पाळ्यांच्या मधले, दिवस राहण्याचे निघाले तर? मग पी-टू म्हणजे संबंधानंतर घ्यायची गोळी आणायला फार्मसीत धावायचं, ती पण 72 तासांच्या आत, दर खेपेला हे नको गं.

इंजेक्शन म्हणजे डेपो, आपल्याकडे सरकारी दवाखान्यात अंतरा म्हणून मिळतं तेच औषध, दर तीन महिन्यांनी. अंगावर खूण राहत नाही, घरात पाकीट नाही, त्यामुळे सासरी कळू द्यायचं नसेल तर हेच बरं. पाळी आधी कशीही येते मग बरेचदा बंदच होते, रक्त आत साठतं म्हणतात ते खोटं आहे. अडचण तारखेची, वर्षात 100 मधल्या साधारण 4 जणींना दिवस जातात ते मुख्यतः डोस चुकल्याने. सायना प्रेस नावाची छोटी सुई मात्र स्वतः टोचता येते, पोटाची नाहीतर मांडीची चामडी चिमटीत धरायची, सुईचं टोक खालच्या बाजूला ठेवून टोचायची आणि औषधाचा फुगा हळूहळू दाबायचा, पाच-सात सेकंद. मलावीतल्या अभ्यासात स्वतः टोचणाऱ्या 73 टक्के बायकांनी वर्षभर चालू ठेवलं, दवाखान्यात जाणाऱ्या 45 टक्केच टिकल्या, यावरून कळतं की बायकांना इंजेक्शन नको नसतं, ती खेप नको असते.

इम्प्लांट दंडाच्या आतल्या बाजूला, जागा बधिर करून. इम्प्लानॉनची एक काडी 3 वर्षं, जाडेलच्या दोन 5 वर्षं. 1000 मध्ये एखादीलाच दिवस जातात. बोट फिरवलं तर काडी हाताला लागते, म्हणजे नवऱ्यालाही लागणार. मधेमधे रक्ताचे डाग पडत राहतात, काहींना त्याचाच वैताग येतो. एचआयव्हीसाठी एफाविरेन्झ हे औषध चालू असेल तर इम्प्लांटचा भरवसा कमी होतो, ते डॉक्टरला सांगायचंच.

मूल लवकर हवं असेल तर बऱ्याच जणी इंजेक्शनच निवडतात, तिथेच चूक होते. शेवटच्या डोसनंतर दिवस राहायला सरासरी 10 महिने लागतात आणि टोचलेलं औषध काढता येत नाही. काडी काढली की लगेच राहू शकतात.

आणि एचआयव्हीपासून दोन्ही वाचवत नाहीत, नवरा लांब राहतो म्हणून स्पष्टच बोलते, कंडोम ठेव. डेपोने एचआयव्ही वाढतो अशी भीती होती, पण केनियासह चार देशांतल्या 7829 बायकांच्या 2019 च्या अभ्यासात डेपो, इम्प्लांट आणि तांबी यांत तसा मोठा फरक दिसला नाही.

तुला दोन वर्षं तरी मूल नकोय आणि नवऱ्यापासून लपवायचंही नाही, तर मी काडीच म्हणेन. फक्त बसवायच्या आधी तिथल्या नर्सला विचार की मुदतीआधी काढायची म्हटली तर इथेच काढून देता का आणि पैसे किती, कारण बसवणारे जागोजागी भेटतात, काढणारे शोधावे लागतात.