अठराशे रुपयांतलं ‘लाइफटाइम प्रो’

निळा पडदा, त्यावर ४८ आकड्यांची रिकामी चौकट आणि खाली एका ईमेलची पहिली काही अक्षरं. लॅपटॉपमधल्या डेटाला कुलूप लावणारा विंडोजचा बिटलॉकर रिकव्हरी की मागतोय, आणि ती की ज्या खात्यात जमा आहे ते खातं लॅपटॉपच्या मालकाचं नाहीच. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या एका कापड व्यापाऱ्याच्या बाबतीत हे घडलं. हिशेबाचा लॅपटॉप, आत टॅलीचा सगळा डेटा, आणि चार्जिंगच्या बिघाडापायी सर्व्हिस सेंटरने मदरबोर्ड बदलून दिलेला. बोर्ड बदलला की त्यावरची टीपीएम चिप, म्हणजे या कुलपाची किल्ली सांभाळणारी चिप, बदलते; मग बिटलॉकरला हे मशीन परकं वाटतं आणि तो की मागतो. त्यात सर्व्हिस सेंटरची काही चूक नाही. घोळ झाला होता त्याच्या सात महिने आधी, एका दुकानात विंडोजच्या साध्या ‘होम’ आवृत्तीचं ‘प्रो’ करून घेताना.

व्यापाऱ्याची गरज मात्र खरी होती. रात्री घरी बसून गाळ्यातला लॅपटॉप वापरायचा होता. होम आवृत्तीवरून रिमोट डेस्कटॉपने दुसऱ्या मशीनमध्ये शिरता येतं, पण होम असलेलं मशीन स्वतः कुणाला तसं आत घेत नाही; त्यासाठी प्रो लागतं. ग्रुप पॉलिसी (मशीन वापरण्याचे नियम ठरवणं), हायपर-व्ही (मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणं), डोमेनला म्हणजे कंपनीच्या नेटवर्कला जोडणं ही प्रोची आणखी काही कामं. ‘प्रो टाकलं की मशीन पळतंय’ असं काउंटरवर सर्रास सांगतात, ते खोटं आहे. वेगात काडीचा फरक पडत नाही. यातलं काहीच लागत नसेल तर होम ठेवा आणि ते पैसे रॅमवर किंवा एसएसडीवर घाला.

दुकानात सांगितलं, “फॉरमॅट मारायला लागतंय, प्रो वरनं टाकता येत नाही. अठराशे द्या, लाइफटाइम करून देतो. निवांत जावा.” फसवणूक या पहिल्याच वाक्यात आहे. होमचं प्रो करायला फॉरमॅट लागत नाही. सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन, ‘अपग्रेड युवर एडिशन ऑफ विंडोज’ इतकाच रस्ता. तिथून मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं, पैसे भरायच्या आधी किंमत दिसते, किंवा विकत घेतलेली परवान्याची २५ अक्षरांची की ‘चेंज’ दाबून घालता येते. आधीचं होम ॲक्टिव्ह असलं पाहिजे, एवढीच अट. मशीन रीस्टार्ट होतं, फायली आणि प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात. बॅकअप तरीही घ्यावा, तो कधीही घ्यावाच.

मग फॉरमॅट कशाला? एक तर त्याचे वेगळे पैसे लावता येतात. दुसरं म्हणजे दुकानात आधीच तयार असलेला पेनड्राइव्ह लावून काम उरकतं. विंडोज ११ चं सेटअप मध्येच मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. दुकानातल्या पोराने वेळ नको म्हणून स्वतःचं खातं घातलं, सेटअप संपल्यावर व्यापाऱ्याच्या नावाने साधा लोकल यूजर काढून दिला आणि स्वतःचा काढून टाकला. पण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं, की बहुतेक लॅपटॉपवर एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरचं तेच कुलूप, आपोआप चालू होतं आणि रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते. यूजर काढला तरी की तिथेच राहते. सात महिन्यांनी दुकानात विचारलं तर उत्तर आलं, “त्यो पोरगा काम सोडून गेला की.” मायक्रोसॉफ्टला फोन करूनही उपयोग नाही, ही की त्यांना पुन्हा तयार करून देता येत नाही. की नाही तर डेटा नाही.

आता ‘लाइफटाइम’कडे बघू. सहा महिन्यांतच कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ उमटलं होतं. दुकानाने पाचशे घेऊन ते घालवलं आणि व्यापाऱ्याला वाटलं, मिटलं. सहाच महिने का, याला कारण आहे. मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठांसाठी केएमएस नावाची अधिकृत सोय असते: संस्थेचा स्वतःचा सर्व्हर मशीनला १८० दिवसांचं ॲक्टिव्हेशन देतो, आणि मशीन दर ७ दिवसांनी ते वाढवून घ्यायचा प्रयत्न करतं. किमान २५ मशीन असल्याशिवाय तो सर्व्हर विंडोजला दादच देत नाही. दुकानवाले असा एक खोटा सर्व्हर लॅपटॉपच्याच पोटात बसवतात. विंडोजच्याच अँटिव्हायरसने तो उडवू नये म्हणून त्याला, म्हणजे डिफेंडरला, ‘या फोल्डरकडे बघू नको’ असं सांगून ठेवतात. पुढे एखाद्या अपडेटनंतर तो खोटा सर्व्हर बंद पडतो, मुदत वाढायची थांबते, आणि १८० दिवस भरले की पाटी दिसते. खरं सांगायचं तर पाटीने काम अडत नाही. धोका त्या सोडलेल्या फोल्डरचा आहे, कारण तिथे उद्या काहीही येऊन बसलं तरी डिफेंडर तिकडे ढुंकून बघणार नाही. आणि याच लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार चालतात.

हे तपासायला मिनिटही लागत नाही. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकटीत एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश, एक्सपीआर असं इंग्रजीत टाइप करा. ‘व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन’ आणि पुढे संपायची तारीख दिसली तर घरच्या किंवा दुकानाच्या मशीनवर ते केएमएसच, लाइफटाइम नव्हे. स्लॅशपुढे डीएलव्ही टाकलं की जास्त तपशील येतो: ‘रिटेल’ (सुटा विकत घेतलेला परवाना) किंवा ‘ओईएम’ (लॅपटॉपसोबत आलेला) ठीक, ‘व्हॉल्यूम’ दिसलं तर दुकानदाराला तिथेच उभा करा. उलट ‘परमनंटली ॲक्टिव्हेटेड’ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. तसं दाखवणाऱ्या क्लृप्त्याही बाजारात आहेत. पडद्यावर ‘ॲक्टिव्ह’ दिसणं वेगळं आणि परवाना विकत घेतलेला असणं वेगळं. विकत घेतल्याचा पुरावा म्हणजे बिल.

व्यापाऱ्याच्या बिलावर काय होतं? साध्या पॅडवर ‘सर्व्हिस चार्ज १८००’. ना जीएसटी क्रमांक, ना विंडोजचं नाव, ना की.

व्हॉट्सॲपवर पाच-सहाशेला की विकणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. ते ६३ आकड्यांच्या इन्स्टॉलेशन आयडीचा फोटो मागवतात आणि ४८ आकड्यांचा कन्फर्मेशन आयडी परत पाठवतात. असे आयडी देऊन-घेऊन ॲक्टिव्हेट करायची पद्धत खरी आहे, पण नव्या कोऱ्या कीला तिची गरज पडत नाही. असं घडलं तर समजायचं की ती की बहुधा कुठल्या तरी संस्थेची आहे आणि तिचा ऑनलाइन कोटा संपलाय. मायक्रोसॉफ्टने ती ब्लॉक केली की विक्रेत्याचा नंबरही बंद.

असं मशीन आत्ता हातात असेल तर आधी फायली बाहेर काढा आणि मगच स्वच्छ इन्स्टॉल करा. होमसकट घेतलेल्या लॅपटॉपची परवान्याची की बायॉसमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच, असते, त्यामुळे होम आपोआप लागतं आणि आपोआप ॲक्टिव्हेट होतं. प्रो त्यावर रीतसर घ्या. प्रो आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असलं तर पुढे बोर्ड बदलला तरी ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटरमधून ते परत मागता येतं. दुकानाविरुद्ध जायचं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ऑनलाइन विक्रेत्याला यूपीआयने पैसे गेले असतील तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

आणि लॅपटॉप कुठल्याही कारणाने दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी, कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकर किंवा सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ आकडे कागदावर उतरवून घ्या. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.