सॅन फ्रान्सिस्को की भारत-जपान: लघुप्रबंधासाठी कोणता तह घ्यावा?

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानशी झालेल्या तहांवर लघुप्रबंध लिहायचा, तर पहिला पेच हाच: १९५१ चा सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा तह घ्यायचा, की १९५२ चा भारताचा वेगळा?

मोठ्या तहावर ८ सप्टेंबर १९५१ रोजी जपानसह ४९ देशांच्या सह्या झाल्या. कलमं २७, वाचायला साहित्य मुबलक. पण विषय हाताबाहेर जातो. चीनला बोलावणंच नव्हतं, सोव्हिएत संघाने येऊनही सही केली नाही, आणि त्याच दिवशी जपानचे पंतप्रधान योशिदा यांनी अमेरिकेशी सुरक्षा करारही केला. शीतयुद्धातच रस असेल तर जरूर घ्या, एरवी दमछाक होईल.

भारत त्या परिषदेला गेलाच नाही. ऑगस्टमध्ये अमेरिकेला पाठवलेल्या टिपणात कारणं आहेत: जपानला बरोबरीचं, मानाचं स्थान हवं, अमेरिकेच्या ताब्यातली रयुक्यू आणि बोनिन बेटं त्याला परत मिळावीत, अमेरिकन सैन्याच्या मुक्कामाची सोय तहात नको. मग ९ जून १९५२ रोजी तोक्योत वेगळा तह झाला.

आता दोन्हींची कलमं शेजारी ठेवून वाचा. सॅन फ्रान्सिस्कोचं १४ वं कलम म्हणतं, जपानने युद्धातल्या नुकसानीची भरपाई द्यायला हवी, पण पुरती देण्याची त्याची ऐपत नाही. आणि लगेच दोस्त राष्ट्रांना आपापल्या हद्दीतली जपानी मालमत्ता घेण्याची मुभा देतं. भारताचं ४ थं कलम तीच मालमत्ता परत करतं, फक्त तिच्या देखभालीचा खर्च जपानकडून घेतं. ६ व्या कलमात भरपाईचा हक्क सोडलेला आहे. मला या तहातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

मात्र ‘वेगळा तह म्हणजे उदार तह’ असं मांडू नका. श्रीलंकेने, तेव्हाच्या सिलोनने, सॅन फ्रान्सिस्कोला सही करूनच भरपाई सोडली. उलट ब्रह्मदेशाने १९५४ मध्ये वेगळा तह केला तो भरपाई घेऊन, २० कोटी डॉलरची. म्हणजे भारताच्या वेगळेपणाचं उत्तर भरपाईत नाही, ते टिपणातल्या बेटांत आणि सैन्यात शोधावं लागतं. रयुक्यू बेटांमधलं ओकिनावा जपानला परत मिळायला १९७२ उजाडलं.

म्हणून भारताचाच तह घ्या, १४ वं कलम तुलनेला ठेवा, आणि वाचनाची सुरुवात टिपणापासून करा.