१९१४ ची प्रशियन रांगलिस्टे (पुनर्मुद्रण) : दहा महिन्यांच्या वापरानंतर

प्रशियाच्या, म्हणजे जर्मन साम्राज्यातील सर्वांत मोठ्या राज्याच्या, सैन्यातील अधिकाऱ्यांची ही पदनिहाय सूची ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासाठीच हा अभिप्राय लिहीत असल्यामुळे तिच्या रचनेविषयी एवढेच सांगतो : आधी रेजिमेंटवार पाने आणि ज्येष्ठता-यादी, शेवटी नामसूची. जर्मनीतील एका पुनर्मुद्रकाकडून मागवलेल्या या प्रतीवर पुण्यापर्यंतचे टपाल आणि सीमाशुल्क मिळून पुस्तकाच्या किमतीहून अधिक खर्च झाला. पुढील मजकुरातील काही कडवटपणा त्या खर्चातून आलेला आहे, हे आधीच मान्य करतो.

माझे काम मर्यादित होते. एका पायदळ रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांचे १९१३ च्या उन्हाळ्यातील एकत्रित छायाचित्र माझ्या संग्रही आहे. त्याच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली केवळ आडनावे आहेत आणि त्यांपैकी दोन म्यूलर आहेत. हे आडनाव तिकडे आपल्याकडच्या पाटलांइतकेच सार्वत्रिक असल्याने कोणता म्यूलर कोणता, हे ठरवण्यासाठी सूचीच हवी होती.

पुस्तक हाती आल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्याचा मुख्य दोष लक्षात आला आणि पुढील आठ महिने मी दुसऱ्या कशाविषयी फारसा बोललो नाही. शेवटी दिलेली नामसूची अनेक स्तंभांत छापलेली असून बांधणीकडचा समास इतका अरुंद ठेवला आहे की, डाव्या पानावरील शेवटच्या स्तंभातले पृष्ठक्रमांक शिवणीत गडप होतात. उजव्या पानावर नावांची आद्याक्षरे जातात, परंतु वर्णानुक्रमामुळे ती ओळखता तरी येतात. पृष्ठक्रमांक मात्र अंदाजाने सांगता येत नाही. हजाराहून अधिक पानांच्या ग्रंथात नाव सापडावे आणि पान सापडू नये, यासारखा छळ नाही. त्यात मूळ छपाई फ्राक्टुर या जुन्या जर्मन लिपीतील. तिच्यात ‘क’ आणि ‘ट’ यांची जर्मन अक्षरे, तसेच लांब ‘स’ आणि ‘फ’ यांची अक्षरे चांगल्या छपाईतही एकमेकांसारखी दिसतात. येथे तर ती शाई पसरल्यासारखी उमटली आहेत.

मी छायाचित्रांसह तक्रार केली. तीन आठवड्यांनी उत्तर आले की, ग्रंथ जुना असल्याने मुळातील उणिवा प्रतीत राहणारच. समास मुळात अरुंद नव्हता, तो यांच्या कापणीत गेला, हे मी दोनदा लिहून कळवले. त्यानंतर उत्तर आले नाही.

तरीही प्रत परत पाठवली नाही, याचे कारण केवळ परतीचा टपालखर्च नव्हते. १४ एप्रिल १९४५ च्या रात्री पोट्सडामवर झालेल्या बाँबहल्ल्यात तेथील लष्करी अभिलेखागार जळाले आणि प्रशियन अधिकाऱ्यांची बहुतेक व्यक्तिगत कागदपत्रे त्यात नष्ट झाली. साम्राज्यातल्या इतर राज्यांपैकी बव्हेरियाची कागदपत्रे म्युनिकला, व्यूर्टेम्बर्गची स्टुटगार्टला टिकून आहेत. शोधातला माणूस बव्हेरियन असेल, तर त्याच्या जन्मापासूनचा तपशील मिळू शकतो. प्रशियन माणसासाठी मात्र पुष्कळदा अशा छापील सूचीच उरतात.

सवय व्हावी म्हणून मी आधी परिचित, म्हणजे पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या जर्मन सेनानींची, नावे तपासत असे. मानस्टाइन याचे पूर्ण आडनाव ‘फॉन लेविन्स्की, ऊर्फ फॉन मानस्टाइन’ असे दुहेरी. तो दत्तक गेलेला होता. त्यामुळे जर्मन वर्णक्रमातील ‘एल’ आणि ‘एम’ ही दोन्ही ठिकाणे पाहण्याची शिस्त तेथे लागली. रॉमेल १२४ व्या पायदळ रेजिमेंटचा, म्हणजे व्यूर्टेम्बर्गच्या तेराव्या कोअरमधला (कोअर म्हणजे अनेक रेजिमेंटांची मोठी सेनातुकडी). ती कोअर याच खंडात समाविष्ट आहे, बव्हेरियाचे सैन्य मात्र नाही. या तपासणीत एक गंमत उमगली. मानस्टाइनची लेफ्टनंटपदी नेमणूक २७ जानेवारी १९०७ ची, गुडेरियानची २७ जानेवारी १९०८ ची आणि रॉमेलची २७ जानेवारी १९१२ ची. २७ जानेवारी हा कैसर दुसरा विल्हेल्म याचा वाढदिवस आणि त्या दिवशी नेमणुका करण्याची प्रथा होती. एकाच तारखेच्या इतक्या नेमणुका असल्यावर ज्येष्ठता ठरणार कशी? तारखेपुढे छापलेल्या बारीक अक्षरांनी. जी अक्षरे मी छपाईचा मळ समजून चार महिने दुर्लक्षित केली होती, तीच माझ्या दोन म्यूलरांना वेगळे करणारी होती. छायाचित्रात एकाच्या खांद्यावर एक तारा आहे, म्हणजे तो ओबरलॉयटनंट, लेफ्टनंटाच्या वरच्या पदाचा; दुसऱ्याच्या खांद्यावर तारा नाही, म्हणजे तो लेफ्टनंट. परंतु सूची ६ मे १९१४ रोजीची स्थिती दाखवते आणि तोपर्यंत दुसऱ्यालाही बढती मिळालेली होती. ज्येष्ठताक्रम कळल्यावरच ताऱ्याचा माणूस निश्चित झाला.

आठव्या महिन्यात पुस्तकाचा कणा तुटला. नामसूचीचा संपूर्ण गठ्ठा माझ्या मांडीवर पडला आणि पुनर्मुद्रकाला पाठवायचे तिसरे पत्र मी मनातल्या मनात लिहू लागलो. पाने गोळा करताना दिसले की, शिवणीत गडप झालेले पृष्ठक्रमांक सगळे जागेवर आहेत. समास कापलेला नव्हता, बांधणीत दाबला गेला होता. कापणीविषयीचा माझा आरोप चुकीचा होता आणि दोन पत्रांत तो मी बऱ्याच ठामपणे केलेला होता. दिलगिरीचे पत्र पाठवलेले नाही, कारण कणा आठ महिन्यांत तुटणे हाही गुन्हाच आहे.

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरने नामसूचीला स्पायरल बांधणी करून दिली आणि उरलेल्या भागाला कापडी कणा लावला. टपालखर्चाच्या तुलनेत त्याने घेतलेली रक्कम सांगायलाही संकोच वाटतो. सूची आता वेगळी उघडून शेजारी ठेवता येते, त्यामुळे पूर्वी अर्धा तास घेणारा शोध पाच मिनिटांत होतो.

ज्यांना एखाद-दुसरे नाव पाहायचे आहे, त्यांनी ग्रंथालयांनी इंटरनेटवर ठेवलेली स्कॅन केलेली पाने वापरावीत. त्यासाठी हा खर्च करू नये. संपूर्ण रेजिमेंट हाताळायची असेल, तर एक बोट रेजिमेंटच्या पानावर आणि दुसरे ज्येष्ठता-यादीवर ठेवण्याची सोय पडद्यावर मिळत नाही. १९१४ नंतर या माणसांचे काय झाले, यासाठी १९२६ ची एरेनरांगलिस्टे, म्हणजे जुन्या जर्मन सैन्याच्या अधिकाऱ्यांची सन्मानसूची, लागेल. धाकट्या म्यूलरचा शोध तिच्यापाशी अडला आहे. तिचे पुनर्मुद्रण विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून नामसूचीतील उघड्या डाव्या पानाचे छायाचित्र मागवले आहे. ते अद्याप आलेले नाही.