कॉमन ॲप, ऑगस्ट ते जून: महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांसाठी वापरानंतरचा अनुभव

कॉमन ॲप म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना एकाच फॉर्मने अर्ज करायची सोय. १ ऑगस्टला नवा फॉर्म उघडतो, मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो, जास्तीत जास्त २० कॉलेजं लावता येतात, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मला लिहायचंय ते एकाच दुखण्याबद्दल. नववी ते बारावी एकाच शाळेत होते असं हा फॉर्म गृहीत धरतो. आपल्याकडे दहावीला शाळा संपते आणि अकरावीला ज्युनिअर कॉलेज सुरू होतं. निबंधावर तीन-तीन महिने घालवणारी मुलं या एका गोष्टीकडे डिसेंबरपर्यंत बघतही नाहीत, आणि मग ऐन सुट्ट्यांत शाळेच्या बंद ऑफिससमोर उभी राहतात.

एज्युकेशन विभागात आधी ‘सध्याची शाळा’ विचारतात. तिथे ज्युनिअर कॉलेज टाकायचं. यादीत नाव सापडलं नाही तर ‘माझी शाळा यादीत नाही’ हा पर्याय घेऊन नाव-पत्ता हाताने भरायचा. त्याने काही बिघडत नाही. त्याखाली ‘इतर माध्यमिक शाळा’ येतं. बरेच जण तिथे शून्य निवडतात, कारण आपण शाळा ‘बदलली’ असं कोणालाच वाटत नाही. शून्य निवडलं की वाचणाऱ्याला नववी-दहावी हवेत लटकलेली दिसते. एक निवडा, जुनी शाळा लिहा. शाळा का सोडली हे विचारतील तिथे एक सरळ वाक्य पुरतं: ही शाळा दहावीपर्यंतच आहे, महाराष्ट्रात अकरावी-बारावी वेगळ्या संस्थेत होते.

आता ट्रान्सस्क्रिप्ट, म्हणजे नववीपासूनच्या गुणांची नोंद. ते काउन्सेलरने, म्हणजे संस्थेतर्फे तुमची कागदपत्रं पाठवणाऱ्या माणसाने, चढवायचं असतं आणि काउन्सेलर एकाच संस्थेचा असतो. आपल्या बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत काउन्सेलर हे पदच नसतं. प्राचार्य, उपप्राचार्य किंवा पर्यवेक्षक यांच्यापैकी कोणीही चालतं. पण त्यांच्या दप्तरात तुमची नववी नसते. म्हणून जुन्या शाळेतून नववीचं प्रगतीपुस्तक साक्षांकित करून आणा, दहावीची बोर्डाची गुणपत्रिका जोडा, त्यापुढे अकरावीचा निकाल आणि बारावीचं प्रथम सत्र, अशी एकच पीडीएफ करून ज्युनिअर कॉलेजकडे द्या. प्रत्येक पानावर त्या-त्या संस्थेचा शिक्का आणि सही हवी. प्रगतीपुस्तक मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरावरही शाळेचा शिक्का घ्या. फोनवर काढलेले फोटो चिकटवून केलेली फाइल जड होते आणि अपलोड होताना अडकते. दुकानात नीट स्कॅन करा, दहा-वीस रुपयांचं काम आहे.

याच जोडीला संस्थेची ओळख करून देणारा स्कूल प्रोफाइल नावाचा कागद असतो. तो तुमच्या ज्युनिअर कॉलेजकडे तयार नसणारच. एक पानाचा मसुदा करून प्राचार्यांकडे न्या, ते तपासून लेटरहेडवर देतील. त्यात बोर्ड, माध्यम, विद्यार्थिसंख्या आणि गुणांचा अर्थ आलाच पाहिजे. बारावीत ३५ ला पास, ६० ला प्रथम श्रेणी, ७५ ला डिस्टिंक्शन. हे लिहिलं नाही तर ७८ टक्के बघून तिकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे त्याच्याकडची ‘सी’ ग्रेड येते. दहावीची टक्केवारी सहापैकी चांगल्या पाच विषयांवर धरतात आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण वेगळे मिळतात, हेही लिहा. टक्क्यांचं चारच्या जीपीएमध्ये, म्हणजे अमेरिकन सरासरी ग्रेडमध्ये, रूपांतर स्वतः करू नका. फॉर्ममध्ये जीपीए आणि वर्गातला क्रमांक या दोन्हींना ‘नाही’ असा पर्याय आहे, तो घ्या.

क्रमही पाळावा लागतो. आधी एज्युकेशन विभाग भरायचा, किमान एक कॉलेज यादीत टाकायचं, मग फर्पाची (विद्यार्थ्याची कागदपत्रं कोण बघू शकतो याबद्दलचा अमेरिकन कायदा) सही, आणि त्यानंतरच काउन्सेलरला आमंत्रण जातं. फर्पात शिफारसपत्रं बघण्याचा हक्क सोडायचा. सोडला नाही तर पत्राचं वजन कमी होतं. आमंत्रणाची मेल हमखास स्पॅममध्ये जाते, त्यामुळे सरांच्या समोर बसून ती शोधून द्या. संस्थेच्या डोमेनचा ईमेल असेल तर तोच द्या. पण एक गोष्ट अजिबात करू नका. सरांना जमत नाही म्हणून त्यांच्या खात्यात स्वतः शिरून काही भरू नका. तो खोटेपणा ठरतो आणि मिळालेला प्रवेशही त्यावरून जातो. शेजारी बसून समजावणं आणि स्वतः टाइप करणं यात फरक आहे.

‘इंटिग्रेटेड’वाल्यांची अडचण याहून मोठी. नाव एका ज्युनिअर कॉलेजात आणि दिवस क्लासमध्ये, त्यामुळे कॉलेजच्या शिक्षकांना चेहराही माहीत नसतो. शिफारसपत्र मात्र शाळेतल्या मुख्य विषयाच्या शिक्षकाचंच मागतात. क्लासच्या सरांचं पत्र त्याची जागा घेत नाही, ते जास्तीचं म्हणून जोडता येतं, तेही ज्या कॉलेजने तशी सोय दिली असेल तिथेच. अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून दोन शिक्षकांच्या तासाला नियमित बसणं हाच यावर उपाय. अमेरिकेतल्या एमआयटीचा तर फॉर्मच वेगळा आहे, आणि तिथे एक पत्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या शिक्षकाचं लागतं.

डिसेंबरपर्यंत माझं मत असं होतं की हा फॉर्म आपल्यासाठी बनवलेलाच नाही, पाचपैकी दोन तारेसुद्धा जास्त. जानेवारीत ते बदललं. आपल्या प्रत्येक अडचणीला यात रकाना आहे, फक्त तो कोणता हे कोणी सांगत नाही. शिवाय काउन्सेलरने सगळं एकदा चढवलं की तेच सगळ्या कॉलेजांना जातं. दहा कॉलेजांना दहा लिफाफे पाठवायचे असते तर कुरिअरचा खर्च किती आला असता याचा हिशेब केला, आणि चौथा तारा तिथेच दिला. ‘अधिक माहिती’चा रकाना आता ६५० वरून ३०० शब्दांवर आणलाय, पण दोन संस्थांचा खुलासा ६० शब्दांत बसतो. काउन्सेलरच्या पत्रातही तो येऊ द्या.

पैशांचं मात्र मन लावून बघा. अर्जाची फी साधारण ५० ते ९० डॉलर, काही कॉलेजांना शून्य. आर्थिक मदत मागण्याच्या फॉर्मला, म्हणजे सीएसएस प्रोफाइलला, पहिल्या कॉलेजचे २५ आणि पुढच्या प्रत्येकाचे १६, म्हणजे आठ कॉलेजांचे १३७ डॉलर. वर बँकेचा परकीय चलनाचा आकार आणि त्यावर जीएसटी. फी परवडत नसेल तर कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसला साधी, नम्र मेल करून फी-माफी किंवा सीएसएसच्या फी-माफीचा कोड मागा. सगळी देत नाहीत, काही देतात. सॅट या अमेरिकन प्रवेश परीक्षेचे गुण चार कॉलेजांना फुकट जातात, पण परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत नावं द्यावी लागतात. बऱ्याच कॉलेजांना तर अर्जात स्वतः लिहिलेले गुण चालतात, अधिकृत अहवाल प्रवेशानंतर लागतो. आधी ते तपासा, मगच खर्च करा.

सीएसएसमध्ये गावाकडची जमीन लपवू नका. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर वडिलांच्या हिश्श्याची किंमत लिहा आणि विशेष परिस्थितीच्या रकान्यात तसं स्पष्ट करा. आर्थिक मदत हवी असेल तर पहिल्याच अर्जात मागा. पहिल्या वर्षी न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढच्या वर्षांतही मागता येत नाही, असा बऱ्याच कॉलेजांचा नियम आहे.

उपक्रमांचं वर्णन १५० अक्षरांत बसवायचं असतं. ढोल-ताशा पथक लिहायला संकोचू नका, पण वर्षातले आठवडे ५२ टाकू नका. सराव गणपतीच्या आधी दीड-दोन महिने चालतो, तेवढेच लिहा.

शेवटची तारीख तुमच्या टाइम झोनप्रमाणे रात्री ११.५९ ला संपते. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा दुपार असते, त्याचा उपयोग नाही. कार्डवर आंतरराष्ट्रीय व्यवहार आदल्या दिवशीच चालू करून ठेवा. काउन्सेलरची कागदं चार दिवस उशिरा आली तर बहुतेक कॉलेजं चालवून घेतात, तुमचा भाग मात्र वेळेतच लागतो.

आणि पुन्हा तेच ज्युनिअर कॉलेज. मिड-इयर रिपोर्ट, म्हणजे बारावीच्या मधल्या गुणांचा अहवाल, साधारण फेब्रुवारीत द्यायचा असतो, तेव्हा तिथे प्रात्यक्षिकं आणि बोर्डाची परीक्षा चालू असते. पूर्वपरीक्षेचे गुण जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच लेटरहेडवर घ्या. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, तेव्हा कॉलेजला सुट्टी असते आणि फायनल रिपोर्ट भरणारे सर गावी गेलेले असतात. ते कधी परततात हे एप्रिलमध्येच विचारून ठेवा, आणि मूळ गुणपत्रिका हातात आली की त्याच दिवशी ती स्कॅन करून त्यांच्याकडे द्या.