उन्हाळ्यातलं संशोधन: अकादम्यांची फेलोशिप, मानखुर्दचं शिबिर, की थेट ईमेल?

दरवर्षी एप्रिलात कोणीतरी स्टाफरूमच्या दारात येऊन उभं राहतं. "सर, सुट्टीत कुठं संशोधनाला जाता येईल का? पैसेही मिळतात म्हणे." मिळतात. पण एप्रिलात विचारून उपयोग नसतो, कारण पुढच्या उन्हाळ्याचे बरेचसे अर्ज दिवाळीच्या आगेमागेच भरून झालेले असतात. म्हणून हे पावसाळ्यातच लिहून ठेवतोय.

मी तालुक्याच्या गावी बीएस्सीला रसायनशास्त्र शिकवतो. चार वर्षांची ऑनर्स पदवी आल्यापासून विचारणारे वाढलेत. यूजीसीच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तरच चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' घेता येतं. त्यात १२ क्रेडिटचं संशोधन करायचं. साधं ऑनर्स घेतलं तर त्याऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे पेपर द्यायचे. आता संशोधन आपल्याला मानवतं की नाही हे चौथ्या वर्षी कळून काय करणार? ते आधीच्या एखाद्या सुट्टीत कळलेलं बरं.

आमच्यासारख्या कॉलेजातल्या मुलांपुढं खरे पर्याय तीन. पहिला, तीन विज्ञान अकादम्यांची समर रिसर्च फेलोशिप. बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस (सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली काढलेली), दिल्लीची इन्सा (इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी) आणि प्रयागराजची नासी (नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस, इंडिया) मिळून ती चालवतात. दुसरा, मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) हा कार्यक्रम, २००४ पासूनचा. आणि तिसरा, एखाद्या प्राध्यापकांना स्वतःच ईमेल करून त्यांच्या प्रयोगशाळेत सुट्टी काढायची.

अकादम्यांच्या फेलोशिपमध्ये दोन महिने एका गाइडच्या हाताखाली काम करायचं असतं. गाइड देशात कुठलाही मिळू शकतो: पुणे, हैदराबाद, कोलकाता, कुठंही. अलीकडच्या वर्षांत महिना १२,५०० रुपये आणि रेल्वेचं भाडं असं मिळत आलंय. तिकीट आधी आपल्या खिशातून काढायचं आणि जपून ठेवायचं. शेवटी अहवाल लिहून द्यावा लागतो, आणि तो गुगलवरून उचलून चालत नाही. ही फेलोशिप शिक्षकांसाठीही आहे, हे आमच्या स्टाफरूममध्ये फारसं कोणाला माहीत नाही. असो.

या अर्जात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो दीड-अडीचशे शब्दांचा मजकूर: तुम्हाला काय करायचंय आणि का. बहुतेक मुलं इथंच घसरतात. एका विद्यार्थिनीनं पहिला खर्डा आणला त्यात होतं, "मला लहानपणापासूनच संशोधनाची आवड असून देशसेवा करण्याची इच्छा आहे." मी तांबड्या पेननं ओळ मारली आणि विचारलं, प्रॅक्टिकलला यंदा तुझं काय चुकलं ते सांग. ती जरा घुटमळली. मग म्हणाली, पाण्याचा कठीणपणा मोजताना नळाच्या पाण्यात रंग बरोबर बदलला, पण घरच्या बोअरच्या पाण्यात एरिओक्रोम ब्लॅक टी या इंडिकेटरचा वाइन-रेड रंग निळा होईचना, जांभळ्यावरच अडून बसला. तिनं चार वेळा करून पाहिलं आणि शेवटी मैत्रिणीचं रीडिंग उतरवलं. तसं का झालं असेल, विचारल्यावर म्हणाली, "बोअरच्या बादलीला तांबूस थर बसतो सर. लोह असेल का?" लोहाचा आयन इंडिकेटरला असा अडवून धरतो, हे पुस्तकात एका ओळीत असतं. तिनं ते बादलीवरून ओळखलं. म्हटलं, हेच लिही. "उतरवलेल्या रीडिंगसकट?" तिनं विचारलं. म्हटलं, तेवढं सोड.

तिची निवड झाली. दक्षिणेतल्या एका संस्थेत धातूंचे आयन ओळखणारे रेणू बनवणाऱ्या गटात गेली. पहिले तीन आठवडे काचसामान धुणं आणि रसायनं वेगळी करायला कॉलम लावणं, एवढंच. फोनवर रडकुंडीला आली होती. पाचव्या आठवड्यानंतर फोन यायचे थांबले, तेव्हा मी समजलो की काम लागलं.

एनआययूएसचा घाट वेगळा. ते मुख्यतः पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी आहे. आधी शिबिर. त्यात व्याख्यानं, भरपूर प्रयोग, आणि असे प्रश्न की ज्यांची उत्तरं नवनीतच्या गाइडात सापडत नाहीत. त्यातून निवडलेल्यांना प्रकल्प मिळतो, आणि तो पुढच्या सुट्ट्यांमध्ये येऊन-जाऊन वर्ष-दोन वर्षं चालतो. मानखुर्दच्या आवारातच राहायची-जेवायची सोय होते, प्रवासखर्चही मिळतो. अर्जाच्या तारखा विषयागणिक वेगळ्या असतात, म्हणून संकेतस्थळ बघत राहायचं.

पैशाच्या आकड्यावर जाल तर अकादम्यांची फेलोशिप मोठी दिसते. पण त्यातूनच दोन महिन्यांची खोली आणि मेस भागवायची असते. संस्थेच्या हॉस्टेलवर जागा मिळाली तर ठीक, नाही तर परक्या शहरात कॉट बेसिसवर खोली शोधा. आमच्याकडं मुलींच्या घरून पहिला प्रश्न स्टायपेंडचा नसतो, "राहायचं कुठं?" हा असतो. त्याचं सरळ उत्तर मानखुर्दला मिळतं. म्हणून पहिल्या वर्षाच्या, कधी एकटी बाहेर न राहिलेल्या मुलीला मी आधी एनआययूएस सुचवतो. तिथं रुळली की पुढच्या वर्षी वडील बंगळूरलाही पाठवतात.

आता वेळापत्रक. आपल्या विद्यापीठांच्या उन्हाळी परीक्षा कधी संपतील हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. मे संपला तरी एखादा बॅकलॉगचा पेपर उरतोच. शिबिराच्या तारखा ठरलेल्या असतात. त्यात पेपर आला तर शिबिर गेलं. अकादम्यांच्या फेलोशिपमध्ये गाइडशी बोलून तारखा पुढं-मागं करता येतात, आणि आमच्यासारख्यांना ही सवलत स्टायपेंडपेक्षा कामाची आहे. ती विद्यार्थिनीसुद्धा दहा जूनला गेली, शेवटच्या प्रॅक्टिकलच्या दुसऱ्या दिवशी.

तिसरा पर्याय सगळ्यात सोपा वाटतो आणि बऱ्याचदा फुकट जातो. आयसर आणि एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) यांसारख्या पुण्यातल्या संशोधन संस्था, विद्यापीठाचे विभाग, सगळीकडे प्राध्यापकांचे ईमेल पत्ते मिळतात. मग मुलं काय करतात, एकच मजकूर वीस जणांना सीसी टाकून पाठवतात. त्याला उत्तर येत नाही, आणि येऊही नये. तीन-चार जण निवडा, त्यांचं एखादं काम खरोखर वाचा, त्यातलं काय कळलं आणि कुठं अडलात ते दहा ओळींत लिहा. होकार आला तरी बहुधा पैसे नसतात. पुण्यात मावशी असेल, कोथरूडवरून पाषाणला रोज जायची तयारी असेल, तर हा मार्ग झकास. विषय आणि माणूस तुम्ही निवडलेला असतो, हे पहिल्या दोन्हींत पूर्णपणे होत नाही. मावशी नसेल तर घरच्यांना हिशेब आधी दाखवा. 'इंटर्नशिप'साठी तुमच्याकडूनच फी मागणाऱ्या जाहिराती मात्र वाचूच नका. सर्टिफिकेट मिळतं, दुसरं काही नाही.

बाकी दोन-तीन नावं कानावर येतील. बंगळूरच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेचे पीओबीई (जीवशास्त्रासाठी) आणि पीओसीई (रसायनशास्त्रासाठी) हे कार्यक्रम बीएस्सीच्या मुलांना सलग तीन उन्हाळे बोलावतात. पहिल्याच वर्षी अर्ज केलात तर उत्तम. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा उन्हाळी प्रकल्प नावाजलेला आहे, तिथं चांगलं काम केलं तर पीएचडीची वाटही खुली होते. पण तो मुख्यतः एमएस्सीच्या पहिल्या आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी असतो. गणितवाल्यांनी एमटीटीएस हे उन्हाळी गणित प्रशिक्षण बघावं. १९९३ पासून चाललंय. संशोधन नाही, पण डोकं चालवायला लावतात.

तर पहिल्या वर्षाला असाल तर एनआययूएस, आणि जमलं तर सोबत पीओबीई-पीओसीई. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल तर अकादम्यांचा अर्ज भराच, त्या वर्षीची पात्रता आणि गुणांची अट बघून. त्याबरोबर तीन-चार ईमेलही करा. अकादम्यांच्या यादीत नाव नाही आलं तरी हातात काहीतरी राहतं. सुट्टीतलं काम ओजेटीच्या (ऑन जॉब ट्रेनिंग) क्रेडिटमध्ये धरतील का, हे जायच्या आधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. नंतर सगळे हात वर करतात.

शिफारसपत्राबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो. एका अर्जात पत्र अपलोड करायची लिंक थेट शिक्षकाला येत होती. माझी स्पॅममध्ये जाऊन पडली आणि मी ती मुदतीनंतर चार दिवसांनी पाहिली. पोराचं वर्ष गेलं. तेव्हापासून अर्ज भरला की त्याच संध्याकाळी माझ्यासमोर बसून मला माझा मेलबॉक्स उघडायला लावा, मला राग येणार नाही. आणि पत्र मागायला येताना गुणपत्रकं आणि ते अडीचशे शब्द घेऊन या, दिवाळीची सुट्टी लागायच्या आत. नुसतं "सर, लेटर पाहिजे" म्हणत आलात तर त्यात काय लिहावं हे मलाही सुचत नाही.