हिवाळाभर ट्यूबलेस: ३२ मिमीचे टायर, सीलंट आणि सराटे

ट्यूबलेस म्हणजे आत ट्यूब नसलेला टायर, आणि सीलंट म्हणजे त्यात ओतलेलं, भोक आतून बुजवणारं द्रव. आधी सामान सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशाचे ते कळेल. डिस्क ब्रेकची एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याची) रोडबाइक, रिम आतून २१ मिमी रुंद आणि हुकवाली (टायरची कडा अडकवणारा आतला ओठ असलेली), टायर ७०० × ३२ ट्यूबलेस-रेडी, सीलंट लॅटेक्सचं, अमोनियाचा वास येणारं. चालवणाऱ्याचं वजन ७२ किलो. वापर ऑक्टोबरअखेर ते मार्चचा दुसरा आठवडा, साधारण ३,९०० किमी. रस्ते पुण्याभोवतीचे: दिवेघाट, सासवड, जेजुरी, मोरगाव, फलटण, वाई, पसरणी घाट, शिवाय सोलापूर आणि सातारा हायवेचे लांब पट्टे. त्यातच बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड. कंपन्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण जे बिघडलं त्यातलं बहुतेक बसवण्यात आणि निगेत बिघडलं.

निकाल आधीच सांगून टाकतो: काट्यांची पंक्चरं जवळजवळ संपली, तारेची आणि काचेची संपली नाहीत, आणि दर दोन महिन्यांनी टायरकडे बघायचा कंटाळा असेल तर ट्यूबच बरी.

देशावर सायकलीला हिवाळाच बाधतो, आणि तो थंडीने नव्हे. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पसरलेला सराटा, तोच तो पिवळ्या बारीक फुलांचा, दिवाळीपर्यंत वाळतो. त्याच्या फळाची पाच शकलं होतात आणि प्रत्येकाला टणक काटे. शकल कसंही पडलं तरी एखादा काटा वर राहतोच. त्यात वेड्या बाभळीच्या फांद्या कुंपणाला ओढत नेलेल्या असतात, त्यांचे काटे डांबरावर विखुरतात. नोव्हेंबरपासून गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांमधून पाचट सांडतं आणि त्याखाली काच आहे की खड्डा, ते अंधारात दिसत नाही. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसाएवढ्या पोलादी तारा असतात. ही तार सर्वांत वाईट. ती आत शिरते, भोक इतकं बारीक की हवा सावकाश उतरते, आणि ट्यूब बदलली तरी टायरमध्ये राहिलेली तार नव्या ट्यूबलाही लागते.

बसवणं

इथे घाई केली की महिनाभर भोगावं लागतं. रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायची, जुन्या टेपचा चिकटा राहता कामा नये. आतून २१ मिमी असलेल्या रिमला २३ ते २५ मिमी रुंदीची टेप. अरुंद टेप लावली तर हवेच्या दाबाने ती कडेला सरकते आणि सीलंट स्पोकच्या भोकांतून बाहेर येतं. व्हॉल्व्हच्या भोकापासून एक वीत अलीकडे सुरुवात करायची, टेप ताणून पूर्ण फेरी, आणि भोक ओलांडून आणखी वीतभर. अंगठ्याने मधल्या खोबणीत नीट दाबायची. मग ट्यूब घालून हवा भरून रात्रभर ठेवली की टेप बसते.

व्हॉल्व्हसाठी टेपला ब्लेडने फुली मारू नका, ती फाटत जाते. दाभणाचं टोक गॅसवर तापवून छोटं भोक पाडायचं, व्हॉल्व्ह त्यात घट्ट शिरला पाहिजे. व्हॉल्व्हची चकती बोटांनीच आवळायची, पक्कड लावायची नाही. रस्त्यात ट्यूब टाकायची वेळ आली तर हीच चकती सोडवावी लागते, आणि पक्कड त्या वेळी घरी असते.

टायर चढवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवायचं आणि दुसऱ्या हाताने कडा सतत रिमच्या मधल्या खोबणीत ढकलायच्या. तरच शेवटचे चार इंच हाताने चढतात. कडेला साबणाचं पाणी फिरवायचं, व्हॉल्व्हचा गाभा (आतला फिरवून सुटणारा भाग) काढायचा आणि मोठ्या पंपाने भराभर हवा भरायची. टक्, टक् असे दोन-तीन जोरदार आवाज आले की टायर रिमवर पक्का बसला. नाहीच बसला तर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर, पण त्याच्याकडचा नोझल मोटारसायकलचा. रोडबाइकच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर चढवायचं पितळी ॲडॅप्टर खिशात असलेलं बरं, ते बोटाच्या पेराएवढं असतं. कॉम्प्रेसरची हवा थोडी थोडी सोडायला सांगा. टायरच्या कडेवर लिहिलेली कमाल मर्यादा बघता बघता ओलांडली जाते.

सीलंट ३२ मिमीच्या टायरला ४५ मिली पुरतं, २८ मिमीला ३५ च्या आसपास. औषधाच्या दुकानातली ५० मिलीची सिरिंज, पुढे बारीक नळी, झालं. बाटली मात्र अर्धा मिनिट तरी जोरात हलवा, कारण भोक बुजवणारे कण तळाशी बसतात आणि न हलवता ओतलं तर नुसतं पातळ पाणी आत जातं. नंतर चाक बादलीवर आडवं ठेवायचं, दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिनिटं. पहिले तीन-चार दिवस सकाळी हवा उतरलेली दिसली तर घाबरायचं नाही, टायरच्या भिंतीतली सूक्ष्म छिद्रं भरायला तेवढा वेळ लागतो.

हवा किती

पुढे ५२ आणि मागे ५६ पीएसआय ठेवून बहुतेक किलोमीटर झाले. शंभर पीएसआयची सवय असलेल्याला अंगठ्याने दाबून टायरमधली हवा गेल्यासारखी वाटते, चालवल्यावर वाटत नाही. घाट उतरताना वळणावर बारीक खडी आली तर फरक लगेच कळतो. हुक नसलेली रिम असेल तर टायरवर काहीही लिहिलेलं असो, ७२.५ पीएसआयच्या वर जायचं नाही.

थंडीचं गणित छोटं आहे. घरात २५ अंशांना ५५ पीएसआय भरलेला टायर पहाटे १० अंशांत सुमारे साडेतीन पीएसआयने उतरतो. गळती नसते ती. उन्हं चढली की परत भरून येतो, त्यामुळे पहाटे पार्किंगमध्ये उभं राहून पंप मारत बसू नका.

काटा लागल्यावर

सराट्याचं चित्र ठरलेलं. चाकाच्या फेरीबरोबर फिस्-फिस् आवाज येतो, दोन-चार फेऱ्यांत थांबतो, टायरवर खसखशीएवढा पांढरा ठिपका उरतो. थांबायची गरज नसते. आवाज थांबला नाही तर उतरून काटा काढायचा, भोक जमिनीकडे येईल असं चाक फिरवायचं आणि अर्धा मिनिट तसंच ठेवायचं. सीलंट तळाशी असतं, भोक वर ठेवलं तर नुसती हवा जाते.

बाभळीचा लांब काटा वेगळा. तो हवा सोडत नसेल तर तिथे उपटायला जाऊ नका. बाहेरचा भाग मोडून टाका आणि घरी या.

तारेच्या किंवा काचेच्या मोठ्या भोकाला मात्र प्लग लागतो. गाडीच्या ट्यूबलेस टायरला पंक्चरवाला चिकट दोरी ठासतो, तीच जात, फक्त दीड मिमी बारीक. ती सुईच्या फटीत ओवायची, दोन तृतीयांश आत ढकलायची, सुई न पिरगळता सरळ ओढून घ्यायची. बाहेर तीन-चार मिमी शेपूट राहू द्या, झिजून जातं. हे करताना बोटं थरथरत असतील तर त्याचं कारण सरळ आहे. डिसेंबरात पहाटे घामाने भिजलेली जर्सी घालून माणूस थांबला की पाच मिनिटांत हुडहुडी भरते. जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राची दुहेरी घडी, हा जुना उपाय अजून कुठल्याही महाग जाकिटाइतका चालतो, आणि दहा वाजता ऊन लागलं की कचऱ्याच्या डब्यात. हेल्मेटवर छोटा दिवा हवा. हँडलवरचा दिवा चाकाच्या भोकावर वळत नाही.

टायरच्या बाजूची भिंत फाटली तर सीलंट आणि प्लग दोन्ही हरतात. आतून टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा कापलेला तुकडा लावायचा, वर सायकलची ट्यूब, आणि हळू घरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे बहुतेकांना पहिल्यांदा रस्त्यातच कळतं. ट्यूबलेस टायर काटे थांबवत नाही, तो काटे गोळा करतो. बाहेर सगळं गुळगुळीत दिसतं, पण आत सीलंटच्या थराखाली मोडलेल्या काट्यांची टोकं उभी असतात. अशा टायरमध्ये घाईने ट्यूब टाकली तर ती दोन किलोमीटरही चालत नाही. जानेवारीअखेर मागचा टायर उलटा केला तेव्हा अकरा टोकं निघाली, त्यातली सात डोळ्यांना दिसत नव्हती. आतून कापसाचा बोळा फिरवायचा. जिथे तंतू अडकतात तिथे टोक असतं. चिमटा सोबत ठेवा, भुवयांचा चालतो.

सीलंट आटतं, आणि कळत नाही

बाटलीवर दोन ते सहा महिने असं काहीतरी लिहिलेलं असतं. आपल्याकडची कोरडी हवा आणि उन्हात तापलेली बाल्कनी धरता दोनच महिने माना. इथे नवव्या आठवड्यात तपासलं तेव्हा पुढच्या चाकात जेमतेम दहा मिली उरलं होतं, बाकीच्याची टायरला आतून साय धरलेली. तपासायची पद्धत: व्हॉल्व्ह घड्याळातल्या पाचाच्या जागी आणायचा, हवा सोडून गाभा काढायचा, आत बारीक केबल टाय बुडवून बाहेर काढायचा. टोक ओलं नसेल तर २५ मिली घाला. सायकल सावलीत ठेवली तर थोडं जास्त टिकतं.

दुसरं दुखणं व्हॉल्व्हच्या गाभ्याचं. पंपाचा काटा एका दट्ट्यात ८० वर जातो आणि लगेच खाली पडतो, टायर मात्र मऊच. पंप बिघडल्यासारखा वाटतो. असतो तो गाभ्यात सुकलेला रबराचा गोळा. हवा भरताना आणि सोडताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवला तर हे कमी होतं. दोन जादा गाभे आणि ते काढायची किल्ली, वजन काहीच नाही.

कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या लॅटेक्स सीलंटबरोबर टाळाव्यात. त्या वायूने पुष्कळदा सीलंट दह्यासारखं फुटतं, शिवाय तो रबरातून हवेपेक्षा लवकर निसटतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी हवा उतरलेलीच. हातपंप बरा.

बीआरएमसाठी

नवा हंगाम १ नोव्हेंबरला उघडतो, म्हणून टायर त्याच्या आधी बसवलेले. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. कंट्रोल पॉइंट (वाटेतली नोंदणीची ठिकाणं) सोडून इतरत्र मदतीची गाडी घेता येत नाही, म्हणून वाटेतलं पंक्चर स्वतःच काढायचं. ट्यूब बदलायला अंधारात पंधरा मिनिटं सहज जातात, प्लगला तीन. मागे गाडी आणि गाडीत जादा चाकं असलेल्या शर्यतीत हा फायदा उरत नाही. सोबत एवढं पुरलं: प्लग, चिमटा, ३० मिली सीलंट, टीपीयू या पातळ प्लास्टिकची एक हलकी ट्यूब, टायर लिव्हर, हातपंप, आणि हातांना लागलेलं सीलंट पुसायला जुनं फडकं. टीपीयू ट्यूब टायरबाहेर फुगवून बघू नका, एका बाजूने कायमची ताणली जाते.

पहाटेच्या कुत्र्यांचं काय, असं कुणीतरी विचारणारच. टायरचा संबंध एवढाच की गती कमी करायची हिंमत येते. पळणाऱ्या सायकलीमागे ती लागतात. उतरून सायकल मध्ये धरून चालू लागलं की बहुतेक वेळा कंटाळतात. दात लागलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची, राइड गेली खड्ड्यात.

कुणी घेऊ नये

महिन्यातून दोनदा सायकल काढणाऱ्याने घेऊ नये. उभ्या चाकात सीलंट एका जागी साचून गोठतं. ट्यूबलेससाठी न बनलेल्या जुन्या रिमवर टेप लावून जुगाड करू नये, त्या रिमवर टायर धरून ठेवणारी कडाच नसते. खेडेगावात प्रेस्टा पंप मिळत नाही, पण तो प्रश्न ट्यूबलाही आहेच.

आता मार्चमध्ये मागच्या टायरची मधली रेघ सपाट झालीय, पुढचा अजून गोल आहे. पुढचा मागे जाईल, नवा पुढे येईल. दोन्ही टायर उतरवून आतली साय सोलायची, काटे उपसायचे, टेप बघायची, आणि ऊन तापायच्या आत ताजं सीलंट, यंदा ४५ ऐवजी ५५ मिली.